रायसिंगभाऊ निवडून येईपर्यंत

लोणखेडा,
३० जानेवारी १९६२

तीर्थरूप दादांस अनुसयाचा साष्टांग नमस्कार.

तुमची खुशाली विचारत नाही. काल कर्णा लावलेली जीप आमच्या वेशीवरून गेली, तेव्हा तुमचा आवाज ऐकला. घसा बसला आहे, बाकी प्रकृती उत्तम असावी. "घोड्यावर शिक्का मारा" असं तुम्ही इतक्यांदा ओरडलात की शेजारची तुळशीबाई गहू निवडता निवडता म्हणाली, "तुन्हा भाऊ घोडा इकाले निंघना का वं? सारंगखेडानी जत्रा ते कवयच सरनी." मी हसले. आमचे हे घरातच होते, ते काही हसले नाहीत.

दादा, तुमचे मेहुणे तराजूचं काम करतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. मला या दोन चिन्हांतला फरक अजून समजलेला नाही. सोमवारी तराजूचे जगन्नाथ वकील इथे बोलले. गाय वाचली पाहिजे, धर्म टिकला पाहिजे, जमिनीवर मर्यादा घालणारा नवा कायदा उलथून पाडला पाहिजे. त्याआधी तुमचे रायसिंगभाऊ बोलून गेले होते, तेही शब्दाला शब्द हेच. मग भांडण कसलं? हे सांगतात, वकील शिकलेला आहे. तुम्ही सांगता, रायसिंगभाऊ जुन्या घराण्यातले आहेत. बैलजोडीचा उमेदवार मात्र आपल्या ओट्यावर पान खात स्वस्थ बसला आहे. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, हे आपण चौथीत शिकलो होतो.

आता खरं कारण. वत्सलाचं जमलं. मुलगा तळोद्याला कचेरीत कारकून आहे, माणसं सालस आहेत. लग्न वैशाखात. आपल्यात मामाने हात धरून आणल्याशिवाय मुलगी मांडवात येत नाही, आणि मला तुमच्याशिवाय दुसरा भाऊ नाही. म्हणून निवडणुकीत काय बोलायचं ते बोला, पण मेहुण्यांशी बोलणं तुटेल असं काही करू नका.

तुमच्या कळसाडीचं माणूस रोज इथून जातं, तरी पोस्टाने लिहिते आहे. तोंडी निरोप तुमच्या ओट्यावर सगळ्या गावासमोर सांगितला जातो, आणि हल्ली तुमच्या ओट्यावर गाव फार असतं.

वहिनीला नमस्कार.

तुमची,
अनुसया


कळसाडी,
५ फेब्रुवारी १९६२

चि. अनुसयास आशीर्वाद.

वत्सलाचं जमल्याचं वाचून फार आनंद झाला. तुझ्या वहिनीने लगेच गूळ वाटला. मामा मांडवात सगळ्यांच्या आधी हजर असेल, त्याची काळजी तुला नको.

तू हसतेस, पण इथे येऊन बघ. माणसं गुऱ्हाळ बंद ठेवून सभेला येतात. बायका दारात रांगोळीचा घोडा काढतात. धुडकूने तर कमाल केली. गेरूने आपल्या बैलांच्या पाठीवर घोडा काढला आणि गावभर गाडी फिरवली. म्हणतो, "घोडा बैलसवर बठना, आते बैलजोडी काय करी?" मला असा उत्साह स्वातंत्र्य आलं तेव्हाही आठवत नाही. आणि का नसावा? उद्या मोजणीदार साखळी घेऊन वावरात उभा राहील आणि बापाने खणलेल्या विहिरीसकट बावीस एकर नेईल. त्या वेळी तुझा वकील कलमं वाचत बसेल. रायसिंगभाऊ आडवा पडेल.

काल रविवारी मोठं काम झालं. प्रकाशा तीर्थाहून तापीचं पाणी तांब्यात आणलं, मारुतीच्या देवळात त्रेसष्ट घरांतले कर्ते पुरुष जमले. मी एकेकाच्या ओंजळीत पाणी घातलं. शब्द मी म्हणालो, ते माझ्यामागून म्हणाले: "रायसिंगभाऊ निवडून येईपर्यंत दुसऱ्या कुणाला मत देणार नाही, आणि तराजूवाल्याच्या घरचं पाणी पिणार नाही." हे पाण्याचं मीच घातलं. तराजूवाले घरोघर बोलावून चहा पाजतात, आणि आपला माणूस भिडस्त, पेलाभर चहात विरघळतो. त्याला पायबंद हवाच होता.

लोटनराव मेहुण्यांना सांग, राग मानू नये. ही शपथ त्यांच्यासाठी नाही. पंधरा-वीस दिवसांचा तर प्रश्न आहे.

तुझा दादा,
गिरधर


लोणखेडा,
९ फेब्रुवारी १९६२

तीर्थरूप दादांस नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. तुम्ही मला पंधरा-वीस दिवस लिहिता, पण देवळात काय म्हणालात? "निवडून येईपर्यंत." दादा, तो निवडून आला नाही तर? त्रेसष्ट कर्त्या पुरुषांत हा प्रश्न एकालाही सुचला नाही? आई असती तर तिने देवळातच तुमचा कान धरला असता.

यांना मी सांगायच्या आधीच शहाद्याच्या बाजारात कळलं. घरी आले, पागोटं काढलं आणि एवढंच म्हणाले, "तुझा भाऊ माझ्या घरचं पाणी पिणार नाही. म्हणजे मी कोण झालो?" आपण कोणत्या जातींच्या घरचं पाणी पीत नाही ते तुम्हाला माहीत आहे, आणि तेसुद्धा आपल्याला शोभणारं नाही. आता त्या रांगेत माझं घर बसवलंत.

बारा वर्षांपूर्वी तुम्हाला विषमज्वर झाला, तेव्हा याच माणसाने तुम्हाला खाटेवर घालून शहाद्याला नेलं होतं. ते घोड्यावरून नेलं की तराजूत, ते काही आठवत नाही.

अजून दिवस आहेत. शब्द बदलून घ्या. "निकाल लागेपर्यंत" म्हणा. पुन्हा तांब्या आणा, पुन्हा म्हणा. देवाला राग येणार नाही.

अनुसया


कळसाडी,
१७ फेब्रुवारी १९६२

चि. अनुसयास आशीर्वाद.

शब्द बदलायचं मनात होतं. त्याआधी जे घडलं ते तुला लोटनरावांकडून कळलंच असेल, तरी माझ्या हातून लिहितो.

गुरुवारी शहाद्यात रायसिंगभाऊने जाहीर केलं की मतं फुटू नयेत म्हणून आपण वकिलाला पाठिंबा देतो. माघार घ्यायची तारीख टळून गेली आहे, त्यामुळे मतपत्रिकेवर घोडा राहणार, पण त्यावर कुणी शिक्का मारू नये. मी जीपमधून उतरलो तो थेट वकिलाच्या माडीवर गेलो. दोघे एका ताटात भजी खात होते. मी म्हणालो, "भाऊ, आमनी शपथनं काय?" तो हसला. हात पुसत म्हणाला, "गिरधरभाऊ, इलेक्शनन्या शपथा त्या! वारावर सोडी द्या." मला चहा पुढे केला. वकिलाच्या घरचा. मी खाली उतरलो.

गावात बैठक झाली. तरुण म्हणाले, ज्याच्यासाठी शपथ घेतली त्यानेच सोडवलं, आपण मोकळे. म्हातारे म्हणाले, "तापीमायनं पानी रायसिंगभाऊना बापनं शे का, त्यानी माफ कराले?" मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. तांब्या माझ्या हातात होता, अनुसया. शब्द माझे होते. मी आज मोकळा झालो असं म्हणालो तर उद्या या गावात कुणाच्या शब्दाला काही किंमत राहील?

बुधवारी मतदान आहे. आम्ही घोड्यावरच शिक्का मारणार. आमचं मत फुकट जाईल, पण खोटं जाणार नाही.

गिरधर


लोणखेडा,
२ मार्च १९६२

तीर्थरूप दादांस नमस्कार.

बैलजोडी आली. वकील दोनशे सत्त्याऐंशी मतांनी पडले. एकट्या कळसाडीतून घोड्याला तीनशे एकेचाळीस पडल्याचं इथे पोराटोरांना पाठ झालं आहे. बैलजोडीवाल्याने जिलेबी वाटली, आणि पहिली परात तुमच्या गावी पाठवली असं ऐकलं. खरं का? तुम्ही नसेल खाल्ली. बैलांवर घोडा काढणाऱ्या धुडकूने खाल्ली का?

 निकालानंतर पाचव्या दिवशी हे म्हणाले, "तुझ्या भावाला जमीन वाचवायची होती, गाय वाचवायची होती. काही वाचवलं नाही, शपथ तेवढी वाचवली." मी तुमची बाजू घेतली. मी म्हणाले, माझा दादा खोटं वागत नाही. यावर ते म्हणाले, "खोटं वागला असता तर बरं झालं असतं." मलाही तसंच वाटत होतं.

आता जे झालं ते झालं. मला निवडणुकीशी देणंघेणं नाही. प्रकाशाला जा, भटजींना विचारा, प्रायश्चित्त काय ते करा. किती जणांना जेवू घालायचं ते सांगा, मी शिधा पाठवते. लग्नाला या आणि माझ्या घरचं पाणी प्या. मी तुमच्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही, लग्नात साडीचोळीसुद्धा नको.

अनुसया


लोणखेडा,
२२ मे १९६२

तीर्थरूप दादांस नमस्कार.

लग्न पार पडलं. तुम्ही आलात, वत्सलाचा हात धरून तिला मांडवात आणलंत, तिच्या मागे उभं राहून रडलात. मी ते सगळं पाहिलं आणि तेवढा वेळ मला वाटलं, संपलं एकदाचं.

मग लिंबाखाली तुमची गाडी दिसली. गाडीत तुमच्या विहिरीच्या पाण्याचा हंडा, वर ओलं फडकं, आणि शेजारी तांब्या धरून बसलेला धुडकू.

व्याही विचारायला लागले, मामा पंगतीला का बसत नाहीत? मी सांगितलं, पोटाचा विकार आहे, वैद्यांनी पाणी बदलू नका म्हणून बजावलं आहे. लेकीच्या लग्नात खोटं बोलले. त्यांनी मान हलवली, पण त्यांच्यातल्या एकाने हंड्याकडे बघून दुसऱ्याला कोपराने डिवचलं ते मला दिसलं.

आणि तेवढ्यात हे उठले. भर मांडवात, चारशे माणसांसमोर, तांब्या दोन्ही हातांत धरून तुमच्यापुढे उभे राहिले. म्हणाले, "भाऊसाहेब, घोटभर ल्या." तुम्ही हात जोडलेत. ते उभेच. तुम्ही पुन्हा हात जोडलेत आणि खाली मान घातलीत. दादा, मी या माणसाला चोवीस वर्षांत कुणापुढे असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी ते पाणी लिंबाच्या बुंध्याशी ओतलं आणि वाढायला निघून गेले. त्या दिवसापासून घरात तुमचं नाव काढत नाहीत. रागावले असते तर मला समजावता आलं असतं.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. तुमचा तर सुंभही जळालेला नाही, दुसऱ्यांचीच घरं जळताहेत.

अनुसया


कळसाडी,
१० जून १९६२

चि. अनुसयास आशीर्वाद.

तुझं लिहिणं खरं आहे, म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला.

प्रकाशाला गेलो होतो. भटजी म्हणाले, शपथ सगळ्यांनी मिळून घेतली, प्रायश्चित्तही सगळ्यांनी मिळूनच घ्यावं लागेल, त्रेसष्टच्या त्रेसष्ट. त्यातले भिकाबाबा चैत्रात वारले. त्यांना कुठून आणू? आणि धुडकूचं ऐकलंस का? तुझ्याकडून परतताना त्याने आपल्या मेहुण्याकडे, तराजूवाल्याकडे, चहा घेतला. आठवड्याच्या आत त्याच्या बैलाला पान लागलं, सापाने मारला. साप तो, कुणालाही चावतो, हे मलाही कळतं. पण आता गावात कुणी ओठ ओला करायला धजत नाही. मी शपथ घालणारा. मी प्यालो आणि उद्या कुणाचं पोर दगावलं, तर ते माझ्या डोक्यावर येईल.

लोटनरावांच्या हातातला तांब्या माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तहान लागली होती, हेही सांगून टाकतो.

रायसिंगभाऊ पुढच्या वेळी नक्की उभा राहणार. पाच वर्षांचा प्रश्न आहे.

गिरधर


लोणखेडा,
२१ नोव्हेंबर १९६४

दादा,

तू परवा आलास आणि गेलास. समोर बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

माझी वत्सला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि परत गेली नाही. बाळही राहिलं नाही. तेरा दिवस आमच्या घरात चूल धड पेटली नाही. परवा तू माहेरचा कडू घास घेऊन आलास. वहिनीने भाकरी आणि बेसन दिलं होतं. मला वाटलं, आज तरी माझा भाऊ भाऊ म्हणून आला.

तू घास माझ्या तोंडात घातलास. रीत अशी आहे की मग मी तुला पाणी द्यायचं, तू प्यायचंस, आणि मग घर जेवायला बसायचं. माहेरचं माणूस पाणी प्यालं की सुतक संपलं. मी पेला पुढे केला. मी किती वेळ हात पुढे धरला होता ते तुला माहीत आहे. मी म्हणाले, "भाऊ, एक घोट पी ले रे. मन्ही पोर गयी." सगळ्या बायका ऐकत होत्या. तू म्हणालास, "माले माफ कर, बईन," आणि उठून गेलास.

तो घास माझ्या तोंडात तसाच होता. गिळवत नव्हता, थुंकवत नव्हता. शेवटी यांनी माझ्या हातातला पेला घेतला आणि तुझ्या वाट्याचं पाणी स्वतः प्याले. म्हणाले, "जेवा." आम्ही जेवलो.

कुणाचं पोर दगावेल म्हणून भ्यायला होतास ना? दगावलं. तू न पिताच दगावलं. आता तुला कशाची भीती राहिली आहे, ते मला कळवू नकोस.

अनुसया


(पोस्टकार्ड)

कळसाडी,
३० नोव्हेंबर १९६४

चि. अनुसयास आशीर्वाद. पत्र पोचलं. तुझी वहिनी तीन दिवस जेवली नाही. मी जेवलो, खोटं कशाला लिहू. मला दुसरं काही करता आलं असतं असं आजही वाटत नाही, आणि करायला हवं होतं असंही वाटतं. गिरधर.


कळसाडी,
२६ फेब्रुवारी १९६७

चि. अनुसयास अनेक आशीर्वाद.

सव्वादोन वर्षांत तुझं एक अक्षर नाही, आणि मीही लिहिलं नाही. आज लिहितो, कारण आज लिहिण्यासारखं झालं. रायसिंगभाऊ निवडून आला.

कसा आला ते तू ऐकलंच असशील. बैलजोडीवर उभा राहिला. ज्या बैलजोडीच्या राज्यात माझी बावीस एकर विहिरीसकट गेली, तीच. जगन्नाथ वकील त्याच्या प्रचाराला होते, दोघे एकाच जीपमध्ये. गावातले बहुतेक म्हणाले, हा आता आपला नाही. याला मत द्यायचं नाही, शपथ गेली खड्ड्यात. जे माझ्याशिवाय पाणी प्यायला भीत होते त्यांनी एका दिवसात शपथ मोडली, आणि कुणाचा बैल मेला नाही.

मी मात्र कर्णा हातात घेतला. वय साठ. गावोगाव फिरून मीच ओरडलो, बैलजोडीवर शिक्का मारा. माझ्याच गावात पोरांनी शेण मारलं. धुडकू म्हणाला, "दादा, तुमी इकाई गयात का?" मी त्याला काय सांगणार? मला ना रायसिंगभाऊ हवा होता, ना बैलजोडी. मला एवढंच हवं होतं की तो एकदा निवडून यावा आणि माझा शब्द पुरा व्हावा. तुझ्या घरच्या पाण्यासाठी मी हे केलं, अनुसया. तुझ्या आणि लोटनरावांच्या घरच्या.

आता मी मोकळा आहे. पुढच्या सोमवारी, सहा तारखेला येतो. वहिनीलाही आणतो. लोटनरावांनी त्या दिवशी धरला होता तसा तांब्या धरला तर मी त्यांचे पाय धरून पिईन.

तुझा दादा,
गिरधर


लोणखेडा,
२ मार्च १९६७

रा. रा. गिरधरभाऊ यांस,

पत्र मिळालं. आपले उमेदवार निवडून आले, अभिनंदन.

मी आपली वाट पाहिली नाही असं नाही. लग्नानंतर अडीच वर्षं पाहिली. कळसाडीकडून गाडी आली की मी ओट्यावर यायची. वत्सला गेली त्या दिवशीही पाहिली, कारण मला वाटलं, माझ्या लेकीचं मरण एका माणसाच्या निवडून येण्याएवढं तरी मोठं असेल. ते तेवढं नव्हतं. आपल्याला पाण्याची परवानगी तिच्या जाण्याने मिळाली नाही, रायसिंगभाऊंच्या येण्याने मिळाली. हे मला या पत्रातून नीट समजलं. आपण सगळं खरं लिहिता, हा आपला गुण मी पहिल्यापासून मानते.

अंगावर शेण घेतलंत, कर्णा धरलात, तत्त्व सोडलंत, हे सगळं माझ्यासाठी केलंत असं लिहिलंत. गिरधरभाऊ, माझ्यासाठी एक घोट पुरला असता.

यांना पत्र वाचून दाखवलं. त्यांचं आता वय झालं. ऐकून म्हणाले, "येऊ दे बिचाऱ्याला, थकला असेल." ते तसेच आहेत. पण कळसाडी हे माझं माहेर होतं, त्यांचं नव्हतं, म्हणून उत्तर मी लिहिते आहे.

सोमवारी यायचं असेल तर या. आमच्या ओट्यावर माठ असतो, वरती पेला उपडा घातलेला असतो. शहाद्याच्या बाजाराला जाणारे येणारे कुणीही पितात, आम्ही त्यांना गाव विचारत नाही की चिन्ह विचारत नाही. आपणही प्या. वहिनींना आत पाठवा, त्यांचं घर आहे. आपण पाणी पिऊन झालं की पेला परत उपडा घाला आणि पुढे जा.

अनुसया लोटन पाटील